इंग्रजीतला वर्तमानकाळ आणि मराठीची चौकट

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शिकू पाहणाऱ्या वाचकांसाठी जे सदर चालते, त्याच्या गेल्या भागात वर्तमानकाळातील क्रियापदांची रूपे समजावून सांगितली होती. लेखाच्या मध्यभागी एक चौकट होती. मराठी क्रियापदाच्या शेवटी 'तो, ते, तात' असेल तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ वापरावा, 'त आहे' असेल तर 'आयएनजी' लावून चालू वर्तमानकाळ करावा आणि 'ला आहे, ली आहे' असेल तर 'हॅव' किंवा 'हॅज' घेऊन पूर्ण वर्तमानकाळ करावा, असे तीत सांगितले होते. लेखाच्या शेवटी या चौकटीच्या आधारे सोडवायचा दहा वाक्यांचा सराव होता आणि उत्तरेही छापली होती. अशी चौकट पाठ करायला सोपी असते. विद्यार्थिदशेत मीही ती पाठ केली होती. मात्र पुढे सुमारे तीस वर्षे मराठीतील पत्रे, अहवाल आणि करारनामे इंग्रजीत आणण्याचे काम केल्यावर आणि इतरांनी केलेली तशीच कामे तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की, मराठी माणसाच्या इंग्रजीत वर्तमानकाळाच्या ज्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात, त्या व्याकरण न शिकल्यामुळे होत नसून बहुतेक वेळा ही चौकट फार नीट शिकल्यामुळे होतात. छापलेल्या दहा उत्तरांपैकी तीन उत्तरे चुकली आहेत आणि तिन्ही ठिकाणी लेखकाने चौकटीचे पालन अगदी काटेकोरपणे केले आहे, हे मला विशेष वाटले.

आधी 'वर्तमानकाळ' या नावाविषयी. नाव ऐकले की मनात 'आत्ता' हा अर्थ येतो, आणि शिकवणारेही सुरुवात तिथूनच करतात. परंतु इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ 'आत्ता' या क्षणासाठी क्वचितच वापरला जातो. पाणी शंभर अंशांना उकळते हे सांगताना 'वॉटर बॉइल्स' असे म्हणतात, तेव्हा कोठेही भांडे चुलीवर चढवलेले असण्याची गरज नसते. उद्याची गाडी सहाला सुटणार असेल तर 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' असे वर्तमानकाळातच सांगतात, कारण वेळापत्रक हे ठरलेले सत्य मानले जाते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात काल घडून गेलेला राजीनामा 'मिनिस्टर रिझाइन्स' असा येतो. 'आय प्रॉमिस', 'आय अपोलजाइज' ही वाक्ये तर उच्चारताच कृती पुरी होते. वचन देण्याची क्रिया चालू आहे असे समजून कोणी 'आय अ‍ॅम प्रॉमिसिंग' म्हणू लागला, तर ते वचन न राहता वचनाचे वर्णन होते. ही लवचीकता आपल्याला परकी वाटू नये. 'उद्या सकाळी मी निघतो' असे आपणही म्हणतो, आणि गोष्ट सांगणारा 'राजा उठतो, दाराशी जातो, पाहतो तर काय' असे म्हणतो, तेव्हा तो राजा शेकडो वर्षांपूर्वीचा असतो. क्रियापदाचे रूप आणि घडण्याची वेळ यांची गाठ दोन्ही भाषांत सैलच आहे, फक्त ती निरनिराळ्या ठिकाणी सैल आहे.

रूपांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मराठीत 'जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात' अशी पुरुष, लिंग आणि वचन यांप्रमाणे बदलणारी रांग आहे. इंग्रजीने ही सगळी रांग टाकून एकच खूण ठेवली आहे: कर्ता तृतीय पुरुषी आणि एकवचनी असेल तर क्रियापदाला 'एस' लागतो. मी, तू, आम्ही, तुम्ही, ते यांच्यासाठी 'गो', आणि तो, ती, एकवचनी नपुंसकलिंगी ते यांच्यासाठी 'गोज'. लिंगाचा संबंधच नाही. एवढी सोपी गोष्ट चुकते, याचे एक कारण असे की आपल्याकडे अनेकवचनाची खूण म्हणून नामाला लागणारा 'एस' आधी शिकवला जातो, त्यामुळे 'एस' म्हणजे अनेक, ही समजूत घट्ट बसते आणि 'द बॉईज प्लेज' असे दोन्हीकडे 'एस' लावलेले वाक्य लिहिले जाते. प्रत्यक्षात साध्या वाक्यात बहुधा एकच 'एस' असतो; नामाला लागला तर क्रियापदाला लागत नाही, क्रियापदाला लागला तर नामाला लागत नाही. 'मेन' किंवा 'चिल्ड्रन' यांसारख्या नामांपाशी ही खूण उपयोगी पडत नाही हे खरे, तरी सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ती बरीच मदत करते.

या 'एस'चा इतिहास थोडक्यात सांगण्याचा मोह आवरत नाही. तो मुळात उत्तर इंग्लंडच्या बोलीतला आहे. दक्षिणेत त्या जागी 'एथ' होता, आणि १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात 'ही गोएथ', 'ही सेथ' अशीच रूपे आढळतात. सतराव्या शतकात 'एस'ने 'एथ'ला जवळजवळ हद्दपार केले. इंग्लंडच्या पूर्वेकडील जुन्या ग्रामीण बोलींत तर ही खूणही नाही आणि 'ही गो' असेच म्हटले जाई. याचा अर्थ 'ही गो' लिहिणारा मराठी विद्यार्थी अज्ञानी आहे असे समजण्याचे कारण नाही. तो इंग्रजीच्या एका जुन्या बोलीच्या सोबतीला जाऊन बसला आहे, एवढेच. परीक्षकाला मात्र हा खुलासा चालणार नाही.

प्रश्न आणि नकार करताना हा 'एस' जागा बदलतो, आणि येथे पुष्कळांची गडबड होते. 'ही गोज' याचा नकार 'ही डजन्ट गो' असा होतो. 'डू' या साहाय्यक क्रियापदाने 'एस' स्वतःकडे घेतला म्हणजे मुख्य क्रियापद मोकळे होते. 'ही डजन्ट गोज' हे वाक्य म्हणजे एकाच देण्याची दोनदा वसुली आहे. 'कॅन', 'मस्ट', 'मे' यांना 'एस' कधीच लागत नाही आणि त्यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदालाही लागत नाही. 'आय सजेस्ट दॅट ही गो' या वाक्यातही 'गो' बरोबर आहे, कारण तेथे वस्तुस्थिती सांगायची नसून सुचवायचे आहे. मराठीत आपण तेथे 'त्याने जावे' असे विध्यर्थी रूप वापरतो. मी काम करत असताना या एका 'एस'वरून दोन सुशिक्षित सहकाऱ्यांचा वाद अर्धा दिवस चालल्याचे मला आठवते, आणि दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा होता त्याचे म्हणणे चुकीचे होते.

उच्चाराबद्दल आपल्या सदरात एक शब्दही नव्हता. लिहिताना 'एस' एकच असला तरी बोलताना त्याची तीन रूपे होतात: 'वर्क्स'मध्ये तो 'स' राहतो, 'प्लेज'मध्ये घोष, म्हणजे 'ज'सारखा, होतो, आणि 'स, श, च' यांसारख्या ध्वनींनंतर 'वॉचिज'प्रमाणे एक पूर्ण अक्षर वाढते. 'सेज' आणि 'डज' या दोन शब्दांत तर मूळ स्वरच आखूड होतो.

कर्ता लांब असला की एकवचन ओळखणे अवघड जाते. 'उमेदवारांची यादी' यात यादी एक आहे, त्यामुळे 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स इज'. जवळचे 'कँडिडेट्स' पाहून 'आर' लिहिले की चूक झाली. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' याला 'इज', 'ईच' आणि 'एव्हरीवन' यांना 'हॅज', 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांना शेवटी 'एस' असूनही एकवचन, 'पोलीस' याला मात्र नेहमी 'आर'. 'टीम' या शब्दाबाबत ब्रिटिश लोक दोन्ही वचने वापरतात आणि अमेरिकी लोक बहुधा एकवचन पसंत करतात. 'द नंबर ऑफ' आणि 'अ नंबर ऑफ' यांतला फरक तर एका लहानशा उपपदावर अवलंबून आहे: पहिल्यात संख्येबद्दल बोलणे असते म्हणून 'इज', दुसऱ्यात 'पुष्कळ' असा अर्थ असतो म्हणून 'आर'.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे 'त आहे' आणि 'आयएनजी' यांचे लग्न लावण्याचा. मराठीत रीति वर्तमानकाळ नावाची एक सुंदर सोय आहे: 'मी रोज सकाळी फिरायला जात असतो'. येथे 'जात' आणि 'असतो' ही दोन पदे दिसताच चौकट शिकलेला माणूस 'आय अ‍ॅम गोइंग फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग' असे लिहितो. सरावातील चौथ्या वाक्याचे उत्तर नेमके असेच छापले गेले आहे. परंतु इंग्रजीत सवयीसाठी वेगळे रूप नाही. ते काम साधा वर्तमानकाळच करतो, म्हणून 'आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग'. इंग्रजीतील चालू रूप क्रियेला एक कुंपण घालते. ती आत्ता चालू आहे, किंवा काही दिवसांपुरती आहे, आणि केव्हातरी संपणार आहे, असा भाव त्यात असतो. 'आय लिव्ह हिअर' म्हणणाऱ्याचे घर येथे आहे, 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर' म्हणणारा काही काळापुरता मुक्कामाला आहे. ज्याने आयुष्यभराच्या पत्त्यासाठी दुसरे वाक्य वापरले, त्याला ऐकणारा मनात विचारतो की हा आता कोठे निघाला?

याच कुंपणामुळे 'जाणणे', 'असणे', 'मालकीचे असणे', 'आवडणे', 'हवे असणे', 'समजणे' अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना 'आयएनजी' सहसा सोसत नाही. माहिती असणे ही क्रिया सुरू होऊन अर्ध्यावर आलेली नसते; ती एक तर असते किंवा नसते. 'मला माहीत आहे' यातील 'आहे' पाहून 'आय अ‍ॅम नोइंग' होते, 'मला दोन भाऊ आहेत' यातून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' होते, आणि मग इंग्रजी कानाला ते भाऊ थोड्या वेळासाठी आणल्यासारखे वाटतात. अर्थात 'हॅव' याचा अर्थ 'खाणे' किंवा 'घेणे' असा असेल तर 'हॅविंग लंच' निर्दोष आहे. 'आय थिंक' म्हणजे माझे मत आहे, 'आय अ‍ॅम थिंकिंग' म्हणजे मी विचारात पडलो आहे. 'ही इज पोलाइट' हे स्वभावाचे वर्णन आहे, तर 'ही इज बीइंग पोलाइट' म्हणजे आज तो सभ्यपणे वागतो आहे, आणि त्यात बोलणाऱ्याची थोडी शंकाही मिसळलेली असते. त्याचप्रमाणे 'ऑल्वेज'सोबत चालू रूप आले तर वाक्यात तक्रारीचा सूर येतो: 'ही इज ऑल्वेज लूझिंग हिज कीज' म्हणजे हा सारखा किल्ल्या हरवत असतो. येथे मात्र मराठीचे 'असतो' आणि इंग्रजीचे चालू रूप योगायोगाने हातात हात घालून येतात, आणि चौकटीचा पाठीराखा नेमके हेच उदाहरण पुढे करतो.

पाठीराख्यांचे दुसरे आवडते उदाहरण जाहिरातीतले आहे. एका जगप्रसिद्ध उपाहारगृह साखळीने २००३ साली 'लव्ह' या क्रियापदाला 'आयएनजी' लावून केलेले घोषवाक्य सगळीकडे गाजले, आणि तेव्हापासून 'त्यांना चालते, तर आम्हाला का नाही?' असा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागला आहे. ते वाक्य लक्षात राहिले, कारण ऐकणाऱ्याला नियम ठाऊक होता आणि तो मोडल्याची गंमत कळली; आवडणे ही स्थिती न राहता आत्ता या घासाला घडणारी घटना झाली. अर्जात 'आय अ‍ॅम वाँटिंग धिस पोस्ट' असे लिहिणाऱ्याला अशी गंमत अभिप्रेत नसते.

चौकटीचा तिसरा भाग, म्हणजे 'ला आहे' बरोबर 'हॅज', हा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण येथे चूक अगदी निर्मळ दिसते. सरावातील सातवे वाक्य 'तो खिडकीजवळ बसला आहे' असे होते आणि उत्तर 'ही हॅज सॅट निअर द विंडो' असे दिले होते. मराठीत 'बसणे' ही उभ्याने खाली येण्याची क्रिया आहे. ती पुरी झाली की माणूस 'बसला आहे', आणि 'बसतो आहे' म्हटले तर तो अजून टेकायचा आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे त्या स्थितीत असणे, आणि ती स्थिती चालू असते, म्हणून 'ही इज सिटिंग'. हाच प्रकार 'ती झोपली आहे', 'तो उभा राहिला आहे', 'त्याने चष्मा घातला आहे', 'चित्र भिंतीवर लटकले आहे' या वाक्यांचा आहे. इंग्रजीत ही सगळी 'आयएनजी'ने येतात. एका अहवालाच्या मसुद्यात 'द मशीन हॅज स्टुड इन द कॉर्नर' असे वाचल्याचे मला स्मरते. त्या बिचाऱ्या यंत्राने केवढे कष्ट घेऊन उभे राहून दाखवले असावे, असे वाचताना वाटले.

याच्या उलट, मराठी जेथे चक्क भूतकाळ वापरते तेथेही इंग्रजीला पुष्कळदा वर्तमानकाळ लागतो, आणि याचा चौकटीत मागमूसही नाही. 'हा रंग मला आवडला' असे आपण समोर ठेवलेल्या कापडाकडे पाहत म्हणतो. 'आय लाइक्ड धिस कलर' असे भाषांतर केले तर ऐकणाऱ्याला वाटते की पूर्वी आवडायचा, आता मन बदलले. तेथे 'आय लाइक धिस कलर' हवे. 'समजले' याला 'आय अंडरस्टँड', 'भूक लागली' याला 'आय अ‍ॅम हंग्री', 'कंटाळा आला' याला 'आय अ‍ॅम बोअर्ड'. आणि आपले 'आलोच'! दार ठोठावणाऱ्याला आतून 'आलोच' असे ओरडून सांगणारा अजून जागचा हललेलाही नसतो, तरी त्याचे क्रियापद भूतकाळात असते. इंग्रजी माणूस त्याच जागी 'आय अ‍ॅम कमिंग' असे चालू वर्तमानकाळात सांगतो. दोघांपैकी खरे कोण बोलतो, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

पूर्ण वर्तमानकाळावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची फजिती तेथेच झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका अर्जात 'आय अ‍ॅम वर्किंग इन धिस ऑफिस सिन्स थ्री इयर्स' असे लिहिले होते. वरिष्ठांनी लाल शाईने आधी 'अ‍ॅम' आणि नंतर 'सिन्स' खोडले, आणि काही न बोलता कागद परत केला. मला 'मी तीन वर्षांपासून काम करतो आहे' या वाक्यात काय चुकले ते महिनाभर कळले नाही, आणि मराठी वाक्यात काही चुकलेले नव्हतेच. इंग्रजीचा दृष्टिकोन असा आहे की, क्रिया मागे कधीतरी सुरू झाली आणि अजून चालू आहे, तर त्या मागच्या टोकाची नोंद क्रियापदात झाली पाहिजे. म्हणून 'आय हॅव बिन वर्किंग'. शिवाय मराठीचा 'पासून' दोन कामे करतो, 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून'. इंग्रजीत आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' अशी वाटणी आहे. पुढे मला एक मराठी युक्ती सापडली, ती मी नव्या सहकाऱ्यांना सांगत असे. वाक्य मनात 'करत आलो आहे' असे बदलून पाहावे. 'मी तीन वर्षे येथे काम करत आलो आहे' असे म्हणता आले की इंग्रजीत 'हॅव बिन' आणि 'आयएनजी' आपोआप सुचते. 'मी त्याला लहानपणापासून ओळखतो' हे मात्र ओळखण्याच्या स्थितीचे वाक्य असल्यामुळे तेथे 'आयएनजी' गळून पडतो आणि 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड' असे होते.

याच काळाची दुसरी अडचण पत्रव्यवहारात रोज येते. 'आम्ही काल माल पाठवला आहे' हे मराठी वाक्य शुद्ध आहे, आणि सरावातील नववे वाक्य याच धर्तीचे होते. त्याचे उत्तर 'हॅव सेंट' आणि 'यस्टरडे' यांना एकत्र बसवून दिले आहे. इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ हा वर्तमानकाळच असल्यामुळे त्याला 'काल', 'गेल्या वर्षी', 'पाच तारखेला' असा संपलेला मुहूर्त सहन होत नाही. तारीख सांगायची असेल तर 'वुई सेंट द गुड्स यस्टरडे', आणि माल निघाला आहे एवढेच कळवायचे असेल तर 'वुई हॅव सेंट द गुड्स'. लिहिणाऱ्याने तारीख आणि 'हॅव' यांतून एकाची निवड करायची असते. 'आधीच', 'अजून', 'नुकतेच' यांच्याबरोबर ब्रिटिश इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ घेते, अमेरिकी बोलण्यात तेथे साधा भूतकाळही सर्रास चालतो, म्हणून त्या बाबतीत विद्यार्थ्याला फार बोल लावू नये. 'ही हॅज गॉन' म्हणजे तो गेला आणि अजून तेथेच आहे, 'ही हॅज बिन' म्हणजे जाऊन परत आला, हा भेद मात्र दोन्हीकडे पाळला जातो. आणि 'हे मी पहिल्यांदाच पाहतो आहे' याला 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन धिस' असे म्हणावे लागते. येथे मराठीत क्रिया चालू आहे आणि इंग्रजीत पुरी झाली आहे, म्हणजे 'बसला आहे' याच्या अगदी उलट.

अट आणि वेळ सांगणाऱ्या उपवाक्यांचा उल्लेख सदरात नव्हता, पण तो वर्तमानकाळाच्या धड्यातच यायला हवा होता. 'तो येईल तेव्हा त्याला सांग' यातील 'येईल' पाहून 'व्हेन ही विल कम' असे लिहिले जाते, आणि ते चुकीचे आहे. 'व्हेन ही कम्स, टेल हिम' असे हवे. मराठीने येथे कुरकुर करू नये, कारण 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' असे म्हणताना आपण न पडलेल्या पावसाला भूतकाळात टाकतोच की. पण या नियमालाही एक कडा आहे, आणि ती न सांगितल्यामुळे हुशार विद्यार्थी चुकतात. 'तो केव्हा येईल ते मला माहीत नाही' या वाक्यात 'व्हेन' हा प्रश्नार्थक आहे, वेळेची अट घालणारा नाही, म्हणून तेथे 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हेच बरोबर. मराठीत 'तेव्हा' आणि 'केव्हा' असे दोन शब्द असल्यामुळे हा फरक मराठी माणसाला खरे तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. 'तेव्हा' असेल तर वर्तमानकाळ, 'केव्हा' असेल तर भविष्यकाळ, इतके सांगितले तरी काम भागते.

सदराच्या लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि थोड्या जागेत सोपे लिहिणे किती कठीण असते याचा अनुभव मला आहे. माझी विनंती एवढीच आहे की, पुढील भागात मराठी प्रत्यय आणि इंग्रजी प्रत्यय समोरासमोर मांडण्याऐवजी प्रत्येक वाक्याजवळ थांबून ही सवय आहे, स्थिती आहे, चालू असलेली क्रिया आहे, की मागून आत्तापर्यंत चालत आलेली गोष्ट आहे, हे आधी मराठीतच विचारायला शिकवावे. तसेच चौथ्या, सातव्या आणि नवव्या वाक्यांची दुरुस्त उत्तरे येत्या रविवारी ठळकपणे छापावीत, कारण माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने ती दहाही उत्तरे वहीत उतरवून घेतली आहेत आणि तिची परीक्षा जवळ आली आहे. (या शेवटच्या दोन क्रियापदांपैकी पहिल्याला चौकट लागू पडते. दुसऱ्याला पडते का, हे सदराच्या लेखकांनीच ठरवावे.)

आपला नम्र,
एक निवृत्त भाषांतरकार